कादंबरीचा कच्चा खर्डा

आमच्या ओळखीचे एक मास्तर होते. पाचपावलीकडे राहत. शाळेतून निवृत्त झालेले, अंगात स्वच्छ सदरा, खिशाला शाईचे पेन. भेटले की आम्ही विचारायचे, "काय मास्तर, सध्या काय चाललं आहे?" आणि त्यांचे उत्तर ठरलेले, "कादंबरी लिहून राहिलो."

आपल्या या 'लिहून राहिलो'ला पुण्यामुंबईची मंडळी हसतात. पण मास्तरांच्या बाबतीत ते क्रियापद अगदी बिनचूक होते. बावीस वर्षे ते लिहून 'राहिले' होते. 'लिहिली' असे म्हणण्याची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही.

कादंबरी होती नागपूरच्या कोष्ट्यांवर. मास्तरांचे वडील मागावर बसत. लहानपणी पहाटे जाग यायची ती धोट्याच्या खटखटीने. गिरणीचे कापड स्वस्त झाले तसतसे गल्लीतले माग एकामागून एक कसे मुके झाले, सूत देणाऱ्या व्यापाऱ्याचे देणे घराघरांत कसे शिरले, बायका लुगड्याचे काठ मोजून रात्रीच्या भाकरीचा हिशेब कसा करीत, हे सारे मास्तर चहाच्या पेल्यावर असे सांगत की पेला गार होऊन जाई. आम्ही म्हणायचो, "मास्तर, हे कागदावर येऊ द्या." ते म्हणायचे, "येऊन राहिलं ना. थोडी प्रेरणा पाहिजे."

मास्तर वारले. पुढे एक दिवस त्यांची मुलगी पत्र्याची पेटी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, बाबांची कादंबरी आहे यात. छापता येईल का, बघा ना." चारशेच्या वर पाने होती. मला मोठा आनंद झाला. रात्री दिवा लावून वाचायला बसलो. पहिले प्रकरण वाचले. त्याखाली पुन्हा पहिलेच प्रकरण, थोडे बदललेले. त्याखाली आणखी एक. अशी एकोणीस पहिली प्रकरणे निघाली. दुसरे प्रकरण दोनदा लिहिलेले. तिसरे नव्हतेच.

श्रोतेहो, ही गोष्ट मास्तरांना हसण्यासाठी मी सांगत नाही. जे त्यांना ठाऊक होते ते त्या गल्लीत दुसऱ्या कुणाला आता ठाऊक नाही. ते गेले तेव्हा एक अख्खी गल्ली त्यांच्याबरोबर गेली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पोटात अशी एखादी गल्ली, एखादे शेत, एखादी आजी बसलेली असते. ती कागदावर का उतरत नाही, आणि उतरवायची तर कशी, याचा आज विचार करू.

मास्तरांची चूक एकच झाली. खर्डा आणि मुद्रणप्रत यांतला फरक ते विसरले. कचेरीत काम केलेल्यांना 'खर्डा' हा शब्द नवा नाही. आधी कच्चा खर्डा होतो, त्यावर वरिष्ठांची लाल शाई चालते, मग पक्की प्रत टंकलेखनाला जाते. कच्च्या खर्ड्यावर कुणी मोहोर उमटवीत नाही. मास्तर मात्र पहिल्या ओळीपासून मोहोर उमटवायला निघाले होते. आणि प्रेरणा आली म्हणजे लिहू, असे म्हणत होते. माझा अनुभव आणि वाचन असे सांगते की प्रेरणा लेखणीच्या पुढे चालत नाही, ती मागून येते. दोन पाने झाल्यावर तिसऱ्याला ती दारात उभी दिसते.

याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे साने गुरुजी. 'श्यामची आई' हे पुस्तक माहीत नाही असे मराठी घर विरळा. त्याला कादंबरी म्हणा, आत्मकथा म्हणा. ते लिहिले गेले नाशिकच्या तुरुंगात. १९३३ सालच्या फेब्रुवारीत ९ तारखेला, गुरुवारी, गुरुजींनी लेखनाला आरंभ केला आणि १३ तारखेच्या, सोमवारच्या पहाटे ते संपवले. जेमतेम पाच दिवस! पुस्तकरूपाने ते बाहेर आले १९३५ साली.

पाच दिवस हा आकडा ऐकून आपण थक्क होतो आणि म्हणतो, "ती देवाची देणगी, आपलं काय?" पण जरा मागे जाऊन पाहू. गुरुजींची आई गेली १९१७ साली. म्हणजे आईची आठवण त्यांनी पंधरा वर्षे उराशी सांभाळली होती. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना छात्रालयाचे काम त्यांच्याकडे होते. तेथे मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक ते काढीत. मन लागो न लागो, सकाळी मुलांच्या हाती काहीतरी पडलेच पाहिजे. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार गीतेवर प्रवचने केली. ती ऐकता ऐकता लिहून घेतली साने गुरुजींनी. बोलणाऱ्याच्या वेगाबरोबर लेखणी पळवायची, मध्येच थांबून शब्द घासत बसायचे नाही, ही तालीम तेथे झाली. तेव्हा नाशिकला जे पाच दिवसांत उतरले त्याच्यामागे पंधरा वर्षांचा साठा होता आणि रोज लिहिणारा हात होता.

आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. त्या पुस्तकात श्याम आपल्या आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक गोष्ट सांगतो. प्रकरणांना नावच मुळी 'रात्र' असे आहे. या एका योजनेने लेखकाच्या दोन अडचणी सुटतात. कुणाला सांगायचे, ते ठरले. आणि एका बैठकीत किती सांगायचे, त्याचेही माप ठरले. आजची रात्र संपली की उद्याची रात्र आहेच. अख्ख्या कादंबरीचा डोंगर एकदम डोळ्यांपुढे उभा राहत नाही. पुढे आहे ती फक्त एक रात्र.

मला वाटते, पहिला खर्डा भरभर उतरायला तीनच गोष्टी लागतात. जवळचा साठा, समोरचा श्रोता आणि वेळेची मर्यादा. या तिन्हींचा थोडा थोडा विचार करू.

साठा म्हणजे पुस्तकातून गोळा केलेली माहिती नव्हे. आपण जगलो, पाहिले, ऐकले, ते. भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' लिहिली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. १९६३ साली ती प्रसिद्ध झाली, आणि तिचे लेखन पंधरवड्याच्या आसपास झाले. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला मुलगा, त्याचे वसतिगृह, त्याची घरी परत येण्याची वाट, हे शोधायला लेखकाला कुठे जावे लागले नाही. आपल्या विदर्भातले उद्धव शेळके यांनी 'धग' लिहिली, ती १९६० साली आली. तीतली कौतिक आणि तिचे शिंपी कुटुंब बोलते ते वऱ्हाडी. जी बोली कानात घर करून बसली आहे तिला शब्दकोशात शोधत बसावे लागत नाही. म्हणून मी नव्या लेखकाला सांगतो, पहिली कादंबरी घराजवळची घ्या. पेशव्यांच्या दरबारात शिरायचे तर आधी चार वर्षे बखरी चाळाव्या लागतील. सीताबर्डीच्या दुकानात किंवा कळमेश्वरच्या संत्र्यांच्या बागेत शिरायला तुम्हांला तिकीट लागत नाही.

दुसरा श्रोता. फ्योदोर दस्तयेव्हस्की या रशियन कादंबरीकाराची हकीकत ऐका. १८६५ साली पैशाच्या नडीपायी त्याने स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी करार केला. १८६६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत एक नवी कादंबरी द्यायची. नाही दिली तर पुढली नऊ वर्षे त्याचे लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाचा! इकडे त्याची 'गुन्हा आणि शिक्षा' ही मोठी कादंबरी मासिकातून चालू होती. ऑक्टोबर उजाडला तरी कराराच्या कादंबरीची एक ओळही झालेली नव्हती. मित्रांच्या सांगण्यावरून त्याने लघुलेखन शिकलेली एक तरुणी मदतीला घेतली, आन्ना तिचे नाव. तो रात्री टिपणे काढी, दुपारी तिला मजकूर सांगे, ती घरी जाऊन रात्री त्याची स्वच्छ प्रत करून आणी. सव्वीस दिवसांत 'जुगारी' ही कादंबरी पुरी झाली. पोचवायला गेले तर प्रकाशक गावातच नाही! अखेर पोलिस ठाण्यात हस्तलिखित देऊन तारखेची पावती घ्यावी लागली. पुढच्या फेब्रुवारीत त्या दोघांचे लग्न झाले, ते सोडा. मुद्दा असा की समोर ऐकणारे माणूस बसले की गोष्ट पुढे सरकते. तिला सांगताना मागे वळून तेच वाक्य एकोणीस वेळा सांगता येत नाही.

आपल्याला लघुलेखिका कोठून मिळणार? नको. बायको असेल, भाऊ असेल, रात्री जेवणानंतर ओट्यावर बसणारा शेजारी असेल. मात्र त्याला हस्तलिखित वाचायला देऊ नका. गोष्ट तोंडी सांगा. "काल रामाजी घर सोडून निघाला इथपर्यंत आलो होतो. आज काय झालं माहीत आहे?" तो "मग?" म्हणाला की तुमचे उद्याचे काम ठरले. या एका 'मग?'मध्ये जेवढी प्रेरणा आहे तेवढी दहा व्याख्यानांत नाही.

तिसरी मर्यादा. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षांत कोण घेतो' त्यातून क्रमशः दिली. वाचक पुढल्या अंकाची वाट पाहत बसलेला, छापखान्यातला जुळारी मजकुरासाठी खोळंबलेला. अशा वेळी लेखक प्रेरणेची वाट कशी पाहणार? आता, हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हेही सांगितले पाहिजे. मर्यादा काम करवून घेते, पण ती जादूची कांडी नव्हे.

माझेच सांगतो. आकाशवाणीचे करारपत्र घरी येते. त्यावर तारीख असते, वेळ असते, किती मिनिटे बोलायचे तेही असते. आणि माझे भाषण त्या तारखेला तयार असते. माझी कादंबरी मात्र अकरा वर्षे अडली होती, कारण तिचे करारपत्र मला कुणी पाठवले नव्हते. शेवटी मीच एका पोस्टकार्डावर लिहिले, 'अमुक तारखेपर्यंत पुरी करीन,' आणि ते थोरल्या बहिणीच्या पत्त्यावर टाकले. ती दर रविवारी विचारू लागली. लाजेने का होईना, काम पुरे झाले.

तुम्ही म्हणाल, "हे सगळं ठीक आहे हो, पण आम्ही नोकरदार माणसं. सकाळी दहाला कचेरी, संध्याकाळी दळण, मुलांचा अभ्यास. लिहायचं केव्हा?" तर आपल्या नागपुरातच ग. त्र्यं. माडखोलकर होऊन गेले. आधी 'महाराष्ट्र' पत्रात, मग १९४४ पासून दैनिक 'तरुण भारत'चे संपादक. रोज अग्रलेखाची घाई असणारा हा माणूस 'मुक्तात्मा', 'भंगलेले देऊळ' अशा कादंबऱ्या लिहीत राहिला. आणि इंग्लंडात अँथनी ट्रोलप पोस्ट खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. समोर घड्याळ ठेवी, आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द झालेच पाहिजेत असा त्याचा स्वतःशी नियम. कॉफी वेळेवर आणून उठवणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला तो त्यासाठी वर्षाला पाच पौंड जास्त देई. या पद्धतीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. मरणोत्तर १८८३ साली त्याचे आत्मचरित्र आले आणि त्यात हा हिशेब वाचून कित्येकांनी नाके मुरडली. पण कादंबऱ्या आजही वाचल्या जातात.

आपण आपला हिशेब मांडू. दोनशे छापील पानांच्या कादंबरीत सुमारे पन्नास ते साठ हजार शब्द असतात. फूलस्केपच्या रेघी कागदावर एका पानात अडीचशे शब्द सहज बसतात. रोज दोन पाने म्हणजे पाचशे शब्द. शंभर दिवसांत पन्नास हजार झाले. दसऱ्याला सीमोल्लंघन करा, जानेवारी संपायच्या सुमारास खर्डा हातात. नागपूरकरांना ही वेळ सोयीचीही आहे. थंडीत डोके चालते. वैशाखात आपल्याकडे खसाच्या ताटीवर पाणी मारण्यापलीकडे काही सुचत नाही.

याहून घाईचा प्रयोगही जगात झालेला आहे. १९९९ साली अमेरिकेत सान फ्रान्सिस्को येथे एकवीस जणांनी मिळून एका महिन्यात पन्नास हजार शब्द लिहायचा पण केला. पुढे दर नोव्हेंबरात देशोदेशीचे लोक त्यात सामील होत गेले. ते चालवणारी संस्था २०२५ साली बंद झाली. तीस दिवसांत पन्नास हजार म्हणजे रोज सोळाशे सहासष्टांवर शब्द. घरसंसार सांभाळून हे कठीणच. पण त्यातले एक तत्त्व घेण्यासारखे आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी आरंभ करायचा आणि एकमेकांचा आकडा विचारायचा. आपल्या मोहल्ल्यात तिघे लिहिणारे असतील तर त्यांनी रविवारी चहाला जमावे आणि एवढेच विचारावे, "किती पाने?" कशी झाली, हे विचारायचे नाही.

आता लिहिण्याच्या बैठकीतल्या चारदोन युक्त्या. पहिली, काल लिहिलेले आज वाचायचे ते फक्त शेवटचे अर्धे पान, धागा धरण्यापुरते. मागच्या प्रकरणात हात घालायचा नाही. रामाजीचा धाकटा भाऊ आधी यायला हवा होता असे सुचले, तर वेगळ्या वहीत टीप करा आणि तो आधी आलेलाच आहे असे समजून पुढे चला. दुसरी, माहिती अडली तर चौकट काढा. समजा, तुमचा नायक एम्प्रेस मिलमध्ये कामाला आहे. मिल १८७७ साली सुरू झाली हे तुम्हांला ठाऊक आहे, पण रात्रपाळीचा भोंगा किती वाजता होई ते आठवत नाही. म्हणून ग्रंथालयाकडे धावू नका. 'चौकट वाजता भोंगा झाला' असे लिहा आणि रामाजीला कामावर जाऊ द्या. भोंगा थांबेल, रामाजी थांबणार नाही. तिसरी, सगळे सुचलेले संपवून उठू नका. पुढचे वाक्य ठाऊक असतानाच लेखणी खाली ठेवा. विहिरीत थोडे पाणी राहू दिले म्हणजे सकाळपर्यंत ती पुन्हा भरते.

एक सावधगिरीची सूचना. तिसाव्या चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास मन उलटते. आपण लिहिले ते सगळे भिकार आहे, असे वाटू लागते. त्याच वेळी दुसऱ्याच एका कादंबरीची झकास कल्पना सुचते. ती फसवी असते. अर्धी वाट चालल्यावर पाय दुखतात तसे हे आहे. म्हणून काही रस्ता चुकला असे होत नाही. त्या आठवड्यात दोनाऐवजी एकच पान लिहा, पण लिहा. एक खंड चार दिवसांचा झाला की पात्रांचे आवाज कानांतून जातात. मग ते पुन्हा ऐकू यावेत म्हणून माणूस पहिले पान उघडतो, आणि उघडले की दुरुस्त करू लागतो. मास्तरांची एकोणीस प्रकरणे अशीच झाली असणार. भरभर लिहायचे ते काही पराक्रम म्हणून नव्हे. धागा तुटू नये म्हणून.

"पण घाईचं काम कच्चं होत नाही का?" होते. कच्चे व्हावे म्हणूनच तर त्याला कच्चा खर्डा म्हणायचे. घासणे, तासणे, गाळणे हे पुढचे काम, आणि ते सावकाशीनेच केले पाहिजे. गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, लिहिले मात्र हिंदीत. काही काळ ते आपल्या याच आकाशवाणीच्या नागपूर केंद्रात नोकरीला होते. आपल्या दीर्घ कविता त्यांनी वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा लिहिल्या. १९६४ साली ते गेले, आणि त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यानंतर निघाला. तो हातात घेणे त्यांच्या नशिबी नव्हते. तरी तो निघू शकला, कारण कविता कागदावर होत्या. घासायला आधी धातू लागतो. नुसत्या हवेवर कानस चालत नाही.

मास्तरांची ती पेटी अजून माझ्याकडे आहे. एकोणीसही प्रकरणे मी ओळीने वाचली. भाषा प्रत्येक वेळी जरा अधिक सफाईदार होत गेलेली आहे. पण खरे सांगू? सगळ्यांत चांगले आहे ते सर्वांत तळाचे, पहिल्यांदा लिहिलेले. शाईचे डाग पडलेले, शुद्धलेखनाच्या चुका असलेले. त्यात धोट्याची खटखट ऐकू येते. पुढल्या प्रतींत ती हळूहळू कमी होत गेली आहे.

मुलीला मी तेवढेच प्रकरण वेगळे काढून दिले. म्हटले, "हे बाबांचं. पुढचं तुला काय काय आठवतं?" ती म्हणाली, "मला कुठे लिहिता येतं, काका?" मी म्हटले, "लिहू नकोस. दर रविवारी ये आणि सांग." गेले काही रविवार ती येते आहे. ती सांगते, मी वहीत उतरून घेतो. मध्ये थांबत नाही, मागे वळत नाही. आणि ती थांबली की म्हणतो, "मग?"